चादरीची एक ऑर्डर आणि सहा सेवांची मोट

तक्रार एकाच ऑर्डरची होती. नाशिकच्या एका गिऱ्हाइकानं जानेवारीत, सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरात असताना, रात्री पावणेदहाला दोन मोरपंखी चादरी मागवल्या. खात्यातून पैसे गेले. ऑर्डर पक्की झाल्याचे दोन मेसेज आले आणि दोन्हींत ट्रॅकिंग नंबर वेगळा. सकाळी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यावर एकाच कुरिअरची दोन माणसं एकाच पार्सलसाठी हजर. आणि चादरी? त्या नक्षीचे शेवटचे नग आदल्या दिवशी दुपारीच नवी पेठेतल्या दुकानात गेले होते.

मालकांना सगळे अण्णाच म्हणतात. वेबसाइट आम्ही बनवलेली नव्हती. मी आणि माझी सहकारी, असं दोघांचं आमचं छोटं काम आहे, विजापूर रोडला एका खोलीत. अण्णांचा फोन आला तो असा: "अहो, पैसे आले, माल नाही, माणसं दोन आली. हे काय झालंय बगा की जरा."

बघितलं. वरवर साध्या दिसणाऱ्या त्या वेबसाइटमागे सहा वेगवेगळ्या सेवा होत्या. साठा आहे का ते विचारणारी, पत्ता आणि पिनकोड तपासणारी, कुरिअरचा दर काढून बुकिंग करणारी, पैसे घेणारी, मेसेज पाठवणारी आणि मोठ्या ऑर्डरीला ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) काढणारी. साठ्याची सोडली तर बाकी पाचही भाड्याच्या, पाच वेगळ्या कंपन्यांच्या, क्लाउडवरच्या. प्रत्येक सेवा आपापल्या जागी चांगली होती. निवडणाऱ्यानं प्रत्येक कामाला बाजारात नावाजलेली सेवा घेतली होती, त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. चुकली होती ती मोट.

ती ऑर्डर उलगडताना

लॉगमध्ये, म्हणजे वेबसाइट आपोआप ठेवते त्या नोंदीत, सगळं होतं. रात्री पावणेदहाला साठ्याला विचारणा गेली. साठा कुठे? कारखान्याच्या ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. आणि दिवाणजी रोज संध्याकाळी सात वाजता तो कॉम्प्युटर बंद करून, वर मुख्य बटणही बंद करून घरी जातात. वीज वाया जाऊ नये म्हणून. तीस वर्षांची शिस्त आहे ती.

पाच सेकंद वाट पाहून कोडनं नाद सोडला. पुढची ओळ वाचून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. उत्तर आलं नाही तर माल आहे असं समजायचं. त्या ओळीशेजारी शेरा होता: "सध्यापुरतं".

म्हणजे रात्रीची प्रत्येक ऑर्डर भरवशावर घेतली जात होती. या ऑर्डरीत पुढे पैसे नीट आले. कुरिअर बुकिंगला उत्तर यायला सहा सेकंद लागले, आपली मर्यादा पाच. कोडनं पुन्हा बुकिंग पाठवलं. पहिलं तिकडे झालेलंच होतं, फक्त उत्तर वाटेत होतं. दोन बुकिंग, दोन मेसेज, दोन माणसं.

इथे एक हिशेब मांडावा लागतो, आणि अण्णांनाही आम्ही तोच मांडून दाखवला. एकामागून एक चालणाऱ्या सेवांचा वेळ आणि खर्च यांची बेरीज होते, उपलब्धतेचा मात्र गुणाकार होतो. पाच सेवा प्रत्येकी ९९ टक्के वेळ चालू असतील तर साखळी ९५.१ टक्केच चालू असते. शंभरात पाच ऑर्डरी कुठेतरी अडकणार, आणि दोष कुणाच्याच माथी जाणार नाही. दोन सेवा एकाच वेळी चालवता आल्या तर वेळ दोघींतल्या मोठ्या आकड्याइतकाच लागतो, पण उपलब्धतेचा गुणाकार तिथेही सुटत नाही. आता या साखळीत दिवसाचे २४ पैकी १० तास चालू असणारा दिवाणजींचा कॉम्प्युटर घाला. बाकी पाचही सेवा साडेनव्याण्णव टक्क्यांच्या धरल्या तरी हाती ४०-४१ टक्के उरतात. क्लाउडवरची सेवा बदलून यातलं काहीही सुधारलं नसतं.

म्हणून पहिलं काम अल्गोरिदमचं नव्हतंच. कॉम्प्युटर चालू असताना दर पंधरा मिनिटांनी साठ्याची नक्कल क्लाउडवर पाठवायची, वेबसाइटनं तिलाच विचारायचं, आणि प्रत्येक नक्षीचे दोन नग कायम राखून ठेवायचे. सातनंतर साठा हलत नाही, दुकानंही बंद होत आलेली असतात, त्यामुळे सातची नक्कल सकाळपर्यंत खरी राहते. "सध्यापुरतं" ही ओळ काढली.

आमचीच एक चूक

मग सेवांची निवड. एके काळी कल्पना अशी होती की सेवांची सार्वजनिक नोंदवही असेल आणि प्रोग्राम तिच्यात शोधून हवी ती सेवा आपापली जोडून घेईल. यूडीडीआय नावाची अशी नोंदवही आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप चालवत होत्या. २००६ च्या जानेवारीत त्यांनी ती बंद केली. आजही उमेदवारांची यादी माणूसच करतो, बहुधा एक्सेलमध्ये. आमची झाली ती अशी: पत्त्याला तीन पर्याय, कुरिअरला चार, पैशाला तीन, मेसेजला तीन, ई-वे बिलाला दोन. गुणाकार २१६.

प्रत्येक पर्यायाचा वेळ आम्ही आठवडाभर मोजला. कंपन्या सांगतात तो सरासरी वेळ असतो, आणि सरासरीनं गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही. म्हणून शंभरातल्या पंच्याण्णव वेळा ज्याच्या आत उत्तर येतं तो आकडा धरला. आठवड्यानंतर सहकारीनं विचारलं, "हे आपण कुठून मोजतोय?" ऑफिसातून. आमच्या ब्रॉडबँडवरून. वेबसाइटचं कोड चालतं मुंबई रीजनमधल्या सर्व्हरवर. सेवांना हाका तिथून जातात. आम्ही आठवडाभर विजापूर रोडच्या इंटरनेटचा अभ्यास केला होता. पुन्हा सगळं मुंबईच्या सर्व्हरवरून मोजलं तेव्हा दोन पर्यायांचा क्रम उलटला. ऑफिसातून चपळ वाटलेल्या एका सेवेचं केंद्र सिंगापूरला होतं, मुंबईहून जाणारी प्रत्येक हाक समुद्रापार.

आणखी एक गोम. पंच्याण्णवाव्या शतमकांची, म्हणजे वरच्या त्या आकड्यांची, बेरीज करणं काटेकोर गणितात बसत नाही. सगळ्या सेवा एकाच वेळी रेंगाळतील असं क्वचितच होतं, त्यामुळे बेरीज बहुधा प्रत्यक्षापेक्षा जास्त येते. आम्ही तरीही बेरीजच केली. चूक सावध बाजूला झुकत असेल तर ती परवडते.

सगळे पहिले नंबर एकत्र आणले की

दोनच पायऱ्या घेऊ, आकडे गोल करून. पत्ता तपासणी: पहिली सेवा १.२ सेकंद घेते, हजार हाकांना ९०० रुपये, दुसरी २.६ सेकंद, ५०० रुपये. कुरिअरचा दर: पहिली ०.८ सेकंद, ६०० रुपये; दुसरी २.४ सेकंद, २०० रुपये. दर काढायला आधी पिनकोड पक्का लागतो, म्हणून या पायऱ्या एकामागून एकच येतात. मर्यादा ४ सेकंद आणि हजारी १२०० रुपये.

दोन्हीकडे वेगवान घेतली तर २ सेकंद, पण १५०० रुपये. बसत नाही. दोन्हीकडे स्वस्त घेतली तर ७०० रुपये, पण ५ सेकंद. तेही नाही. वेगवान पत्ता आणि स्वस्त कुरिअर: ३.६ सेकंद, ११०० रुपये. स्वस्त पत्ता आणि वेगवान कुरिअर: ३.४ सेकंद, ११०० रुपये. चौथी जोडी सगळ्यात बरी, आणि प्रत्येक पायरीवर एकच निकष लावून निवडत गेलं असतं तर ती कधीच हाती लागली नसती.

ही अडचण शास्त्रात ओळखीची आहे. प्रत्येक कप्प्यातून नेमकी एक वस्तू उचलायची, एकूण वजन, किंमत, वेळ अशा अनेक मर्यादा पाळायच्या आणि उपयोग जास्तीत जास्त करायचा: हा झोळी भरण्याच्या गणिताचा अवघड प्रकार, एनपी-हार्ड, म्हणजे आकार वाढला की नेमकं उत्तर झटपट काढायची रीत कुणाला माहीत नाही असा. २००४ मध्ये लियांगझाओ झेंग आणि सहकाऱ्यांनी सेवांची निवड पूर्णांक प्रोग्रामिंगनं (पर्याय घेतला तर १, नाही तर ० असं मांडून) सोडवली. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. उपलब्धतेचा गुणाकार रेषीय गणितात बसत नाही, म्हणून तिचा लॉगरिदम घ्यायचा. गुणाकाराची बेरीज होते आणि मामला जमतो. पुढे २००५ मध्ये कान्फोरा आणि सहकाऱ्यांनी जेनेटिक अल्गोरिदम, म्हणजे चांगल्या जुळण्यांची सरमिसळ करत पिढीगणिक सुधारत नेणारी रीत, लावली. २००९ मध्ये अल-रिफाई आणि रिस्से यांनी एकूण मर्यादेचे तुकडे करून प्रत्येक पायरीला तिचा वाटा ठरवून द्यायचा आणि मग निवड पायरीवरच करायची, असा मधला मार्ग काढला. वरच्या उदाहरणात दोन पायऱ्यांना चार सेकंद दिले ते त्याच जातीचं, फक्त आम्ही अंदाजानं.

अण्णांसाठी यातलं काही लागलं का? नाही. २१६ जुळण्या कॉम्प्युटर डोळ्याची पापणी लवायच्या आत मोजतो. सगळ्या मोजल्या, क्रम लावला, संपलं. दहा पायऱ्या आणि प्रत्येकीला वीस पर्याय असते तर जुळण्या दहा लाख कोटींच्या वर गेल्या असत्या, तिथे हे अल्गोरिदम हवेतच. पण सोलापुरातल्या चादरीच्या वेबसाइटला जेनेटिक अल्गोरिदम लावून बिल वाढवणारा कुणी भेटला तर त्याला आधी पर्याय किती आहेत ते विचारावं.

गुण देताना मात्र हात दाखवून अवलक्षण होता होता राहिलं. सेकंद आणि रुपये एका मापात आणायला रूढ रीत अशी: सगळ्यात वाईट आकड्यातून या पर्यायाचा आकडा वजा करा, आणि वाईट व चांगला यांच्यातल्या फरकानं भागा. शून्य ते एक असा गुण येतो. तीन मेसेज सेवांचे दर होते १०, १२ आणि १२० पैसे. १० ला गुण १, १२ ला ०.९८, १२० ला ०. एका महागड्या पर्यायानं बाकी दोघांतला फरक पुसूनच टाकला. असे हाताबाहेरचे पर्याय आधी काढावेत, मग गुण द्यावेत. सगळ्यांचा आकडा सारखाच असला तर भागाकार शून्यानं होतो आणि प्रोग्राम कोसळतो, तेही आमच्याकडे झालं. ई-वे बिलाच्या दोन्ही सेवांचा दर एकच होता.

काढणी आम्ही उत्साहानं केली. जो पर्याय दुसऱ्या एखाद्यापेक्षा प्रत्येक निकषावर मागे, तो बाद. चौथं कुरिअर गेलं, १२० पैशांची मेसेज सेवा गेली. २१६ च्या १०८ झाल्या.

"फोन कुणाला करायचा?"

मग वजनं ठरवायची: वेळेला किती महत्त्व, खर्चाला किती, भरवशाला किती. अण्णांना थेट विचारलं, "वेळ महत्त्वाचा की खर्च?" उत्तर आलं, "दोन्ही." सगळेच हेच सांगतात.

म्हणून प्रश्न जोडीनं विचारला. "गिऱ्हाइकाला दोन सेकंद जास्त थांबवलं आणि हजार ऑर्डरींमागे चारशे रुपये वाचले, तर चालेल?"

अण्णांनी गल्ल्यातून कॅल्क्युलेटर काढला, पण वापरला नाही. "हजार ऑर्डरी व्हायला मला दोन महिने लागतात. चारशे रुपयांत दोन महिन्यांचा चहा तरी येतो का?"

खर्चाचं वजन तिथेच जवळजवळ शून्यावर आलं. आमच्या तक्त्यातला हजार हाकांच्या खर्चाचा स्तंभ त्यांच्या लेखी नव्हताच. कुरिअरचा खरा दर मात्र होता, कारण तो ऑर्डरमागे शेकड्यात जातो. चादर वजनाला भारी, टॉवेल आकाराला. ४० बाय ३० बाय २५ सेंटिमीटरच्या टॉवेलच्या खोक्याचं आकारमान ५००० नं भागलं की ६ किलो येतं, काट्यावर ते ४ किलो भरलं तरी पैसे ६ किलोचे. चादरीला जे कुरिअर स्वस्त ते टॉवेलला महाग पडू शकतं. म्हणून जुळणी एक न ठेवता मालाच्या जातीप्रमाणे दोन ठेवल्या.

हे चाललं असताना अण्णा मध्येच म्हणाले, "ते सगळं असू द्या. बिघडलं की फोन कुणाला करायचा ते सांगा. त्या दिवशी पाच ठिकाणी फोन केले. प्रत्येकजण म्हणतो आमच्याकडून सगळं बरोबर आहे."

खरी गरज ही होती, आणि आमच्या तक्त्यात तिच्यासाठी स्तंभच नव्हता. गणिताच्या भाषेत ती अशी: सगळी कामं होतील पण कंपन्या कमीत कमी लागतील असे संच निवडा. अनेक क्लाउडवर पसरलेल्या सेवा जुळवताना हाच प्रश्न येतो. जितके क्लाउड कमी, तितकी ये-जा कमी आणि बोट दाखवायच्या जागाही कमी. याचं नाव सेट कव्हर, १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी अवघड ठरवलेल्या २१ प्रश्नांपैकी एक. मोठ्या आकाराला दर वेळी सगळ्यात जास्त उरलेली कामं करणारी कंपनी उचलायची, असा हावरट मार्ग वापरतात; तो किती वाईट चुकू शकतो याला मर्यादा आहे, हे सिद्ध झालेलं आहे. पाच कामांना हातानंही जमतं.

नवा स्तंभ घातला आणि आम्हीच बाद केलेली १२० पैशांची मेसेज सेवा समोर येऊन उभी राहिली. ती ज्या कंपनीची होती तिचंच कुरिअर यादीत तिसरं होतं, आणि ते कुरिअर घेतलं तर मेसेज फुकट. एकट्यानं बघितली तेव्हा ती हरली होती. जोडीनं बघायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. काढणीच्या नियमात एक गृहीत लपलेलं असतं, की एका पायरीवरची निवड दुसरीचे आकडे बदलत नाही. धंद्यात ते क्वचितच खरं असतं. सवलत, एकत्र बिल, एकाच करारात दोन कामं, सगळीकडे दोर गुंतलेले. काढणी मागे घेतली आणि २१६ जुळण्या पुन्हा मोजल्या.

निव्वळ गुणांवर पहिली आलेली जुळणी पाच कंपन्यांची, ४.६ सेकंदांची. आम्ही घेतली ती तीन कंपन्यांची, साडेपाच सेकंदांची. मर्यादा सहाची ठरली होती. अण्णांनी सेकंद विचारलेसुद्धा नाहीत.

टाकी

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. म्हणून घरोघरी टाकी असते आणि पाणी नसलं तरी आंघोळ थांबत नाही. मेसेज आणि ई-वे बिल यांना आम्ही तशीच टाकी दिली: ऑर्डर पक्की झाली की ही कामं रांगेत जाऊन पडतात, सेवा चालू असेल तेव्हा होतात, गिऱ्हाईक त्यांच्यासाठी पडद्यासमोर बसत नाही. ई-वे बिल तसंही किरकोळ ऑर्डरीला लागत नाही. हैदराबादला जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या गाठींना लागतं. अशा कधी लागणाऱ्या, कधी न लागणाऱ्या फाट्याचा हिशेब दोन प्रकारे करता येतो. महिन्याच्या खर्चाला दहातल्या एका ऑर्डरीप्रमाणे सरासरी धरली. वेळेच्या हमीला मात्र लांबचाच फाटा धरला.

दुसऱ्यांदा बुकिंग होण्यावर उपाय जुना आणि साधा आहे. प्रत्येक हाकेबरोबर ऑर्डर नंबर आणि पायरीचं नाव मिळून एक खूण पाठवायची. तीच खूण पुन्हा आली तर सेवेनं नवं काम न करता जुनंच उत्तर द्यायचं. दुसऱ्या कुरिअरला हे येत नव्हतं, आणि तिसरं निवडायला तेही एक कारण झालं. पैसे आले आणि पुढे काही मोडलं तर उलट पावलं ठरलेली: आधी बुकिंग रद्द, मग पैसे परत. १९८७ मध्ये गार्सिया-मोलिना आणि सालेम यांनी लांब चालणाऱ्या व्यवहारांसाठी सागा म्हणून मांडलेली कल्पना ती हीच. मधेच एखादी सेवा पडली तर सगळी जुळणी नव्यानं करत नाही. झालेल्या पायऱ्या तशाच ठेवायच्या, उरलेल्या वेळात बसेल असा दुसरा पर्याय आधीच काढून ठेवलेला असतो, तो लावायचा. सलग तीनदा उत्तर आलं नाही की ती सेवा दहा मिनिटं बाजूला.

पत्त्याचं मात्र पुरतं सुटलेलं नाही. सगळ्यात जास्त गुण मिळालेली पत्ता सेवा "नवी पेठ" एवढंच दिसलं की पुण्याचा पिनकोड लावते. नवी पेठ पुण्यात आहे, जळगावात आहे, आणि आमच्याकडे तर सगळा बाजारच नवी पेठेत आहे. तीनही सेवा तपासल्या, तिघींनाही पुणंच आधी आठवतं. गावाचं नाव न लिहिणारी गिऱ्हाइकं कमी नाहीत. अशा नावांची एक यादी आम्ही हातानं केली आहे; त्यातलं नाव आलं आणि पिनकोड नसला तर ऑर्डर पुढे सरकत नाही, दिवाणजींकडे जाते. ते फोन करून विचारतात, "कुठली नवी पेठ?" या पायरीची अचूकता पूर्ण आहे. उपलब्धता सकाळी नऊ ते संध्याकाळी सात.